सात, नाल्यात

रात्रीचे दीड वाजून गेले होते. एप्रिलचा दुसरा आठवडा, चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तरेकडचं झाडीपट्टीतलं जंगल, आणि टेकडीच्या उतारावर आगीची एक बारीक, वाकडीतिकडी ओळ. धुरात मोहाचा गोडसर वास मिसळलेला. पाला उडवणाऱ्या ब्लोअरची घरघर थोडी थांबवून मेटनं, म्हणजे आग विझवणाऱ्या टोळीच्या मुकादमानं, हाक दिली, "बोला रे!" खालून वर आवाज येत गेले. एक, दोन, तीन... अकरापर्यंत. माणसं अकरा, आकडे अकरा. हजेरी पुरी झाली, पोट्ट्यांनी पुन्हा फांद्या उचलल्या. मेट मात्र जागचा हलला नाही. पन्नाशीचा माणूस, टोळीतले सगळे त्याला मामा म्हणतात. मान किंचित वळवून तो म्हणाला, "सात कोठून बोलला?" सातनं सहा आणि आठच्या मधून बोलायला हवं होतं. आवाज आला होता उजवीकडून, खालून, नाल्याच्या अंगानं. म्हणजे टोळी आगीच्या कडेनं साफ करत होती त्या रेषेच्या बाहेरून, न जळलेल्या पाल्यातून. मामा एवढंच बोलला, "काम बंद. सारे काळ्यात."

काळं म्हणजे जळून गेलेली जमीन. दहा जण रेषा सोडून राखेत आले. मामानं खाली ओरडून सांगितलं, "सात, वर नोको येऊ! नाल्यानाल्यानं गाडरस्त्यावर निंघ, तेथून काळ्यातून ये!" मग सगळे नुसते उभे राहिले. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत आगीनं वरच्या अंगाला रेषा ओलांडली आणि बांबूच्या बेटांत शिरली. हिरवा बांबू पेटला की पेरांमधली हवा तापून फुटते. एकामागून एक बार उडावेत तसे आवाज येत राहिले. पोट्टे एकदा त्या आवाजाकडं, एकदा मामाकडं बघत होते. मग खालून टॉर्च हलला. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, हातात पाच लिटरची कॅन. "पाणी आनाले गेल्तो जी, मामा. सरलं होतं." नाल्याच्या वाळूत कोणीतरी उकरलेला झिरा त्याला माहीत होता. मामा रागावला नाही. "पहिले तू पी," म्हणाला.

हजेरी पुरी होती, तरी काम थांबलं. ही गोष्ट मनातून जात नाही.

सातच्या जागेचा अर्थ कळायला उतारावरची आग कशी चालते हे आधी माहीत पाहिजे. आग चढावर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे, कारण ज्वाळा वरच्या पाल्यावर झुकते आणि पोचण्याआधीच तो वाळवून ठेवते. उताराखाली ती सावकाश येते, पण एक धोका घेऊन येते. जळता ओंडका, बांबूचा जळका खुंट, कधी नुसता पेटलेला दगडाएवढा गोळा सुटतो आणि गडगडत रेषेच्या पलीकडं नाल्यात जाऊन पडतो. तिथं वर्षाचा पाचोळा साठलेला असतो. मग नाल्यातून नवी आग उठते आणि वर येऊ लागते. नाला दोन्ही बाजूंनी आवळलेला असेल तर तो धुराड्यासारखा ओढतो. रेषेखालच्या पाल्यात असलेल्या माणसाला मग वर जुनी आग आणि खाली नवी. म्हणून मामानं त्याला सरळ वर बोलावलं नाही; वाळू पेटत नाही, वाळूवरून फिरवून आणलं. सात आकडा देत होता, पण त्याच्या पायाखालची जमीन चुकीची होती, आणि हे त्याला स्वतःलाही कळलेलं नव्हतं.

टोळीचं नेतृत्व म्हटलं की सगळ्यात पुढं उभा राहून आगीवर फांदी हाणणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. असा मेट टोळीला परवडत नाही. आगीच्या तोंडाशी धूर असतो, धुरात दिसत नाही, आणि हातात फांदी असली की कान बंद होतात. चांगला मेट दहा पावलं मागं, थोडा उंचावर, जळलेल्या बाजूला राहतो. त्याच्या हातात फार तर टॉर्च आणि काठी. मारायचा मोह त्यालाही होतोच. हात रिकामे ठेवणं हे या कामातलं सर्वांत अवघड काम आहे असं मला मनापासून वाटतं, कारण गावात लोक घाम बघतात. रिकाम्या हातांचा हिशेब कोणी मांडत नाही.

हंगाम कागदावर १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत. काम त्याच्या फार आधी, गवत पिवळं पडायला लागलं की सुरू होतं. जाळरेषा म्हणजे जंगलाच्या सीमेवर आणि कक्षाकक्षांच्या मधून मोकळे केलेले पट्टे. आधी दोन्ही कडांचं गवत कापून, ओढून मध्ये घ्यायचं, चार-पाच दिवस वाळू द्यायचं, मग दोन्ही कडांवर माणसं उभी करून मधला भाग जाळायचा. लवकर जाळलं तर गवत अर्धं हिरवं, नुसता धूर होतो आणि उभे खुंट राहतात. मार्चमध्ये तेच खुंट खडखडीत वाळून आगीला पूल देतात. उशिरा जाळलं तर रेषाच वणवा होते. दुपार कलल्यावर, वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवत जावं, म्हणजे राहिलेली धग रात्रीच्या दवात निवते. सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते आडव्या पडलेल्या लाकडांकडं. रेषा झाडून लख्ख केलेली असते आणि तिच्यावर एक वाळका सालईचा ओंडका आडवा. आग त्याच्या अंगानं, आतल्या आत, दोन दिवस चालते आणि पलीकडं निघते.

आणि साग. जाळरेषा पूर्ण झाल्याचा कागद वर जातो तेव्हा सागाची अर्धी पानं अजून झाडावरच असतात. मार्च सरेपर्यंत ती पडत राहतात, आणि महिन्याभरापूर्वी स्वच्छ असलेला पट्टा पुन्हा घोटाभर भरतो. सागाचं पान मोठं, वाळल्यावर द्रोणासारखं वळतं, आतून हवा खेळते, म्हणून भसकन पेटतं. वाऱ्यात पेटतं पान उचललं जाऊन रेषेच्या पार पडतं. जाळरेषा एकदा काढून संपत नाही. तिला हंगामभर झाडावं लागतं, अंगणासारखं.

झाडायला आता ब्लोअर आहेत. या यंत्रानं आमच्याकडच्या जंगलात फार मोठा फरक केला. दाताळ्यानं चार माणसं दिवसभर जेवढं ओढतील तेवढं एक ब्लोअर काही तासांत मोकळं करतो. पण तो पाठीवर घेतला की आग पळते हा समज खोटा. इंधनासह दहा किलोच्या आसपास ओझं, कानाशी घरघर, वरून ४५ अंशांचं ऊन. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळावं लागतं, बहुतेक नव्या यंत्रांना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिलि. ऑइल विसरलं की पिस्टन धरतं, आणि हंगामात मिस्त्री मिळत नाही. एअर फिल्टर रोज संध्याकाळी काढून झटकायचा, नाहीतर राखेनं गुदमरून यंत्र नेमकं आगीशी बंद पडतं. चालवताना नळीचं तोंड जमिनीलगत, पाला आगीकडं ढकलायचा, ज्वाळेवर थेट फुंकायचं नाही. फुंकलं की ती भात्यासारखी फुलते. दोन ब्लोअर असतील तर पहिला वाट फोडतो, दुसरा सात-आठ पावलं मागून मातीपर्यंत साफ करतो. मुळाशी धरलेल्या उभ्या गवतावर ब्लोअरचं काही चालत नाही, तिथं विळा आणि फांदीच. इंधन भरायचं ते काळ्यात किंवा उघड्या मातीवर, यंत्र थोडं निवू देऊन. आणि पेट्रोलची कॅन कोणाच्या हातात आहे हे मेटला झोपेतही सांगता आलं पाहिजे.

ब्लोअरच्या मागं दाताळं, त्याच्या मागं फांदीवाले. फांदी पळसाची किंवा ऐनाची, हिरवी, भरगच्च पानांची. ती खांद्याच्या वर न्यायची नाही. उंचावरून हाणली की निखारे उडून हिरव्या, म्हणजे न जळलेल्या बाजूला पडतात. दाबायची, आणि आगीकडं ओढायची. शेवटचा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्याकडं काही नसलं तरी चालेल, त्यानं फक्त मागं बघायचं. विझवलेली ओळ मागून पेटली तर टोळी दोन आगींच्या मधे येते. शेवटची जागा नव्या पोराला देण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते, कारण ती सोपी वाटते. मामाच्या टोळीत शेवटी त्याचा सगळ्यात जुना माणूस असतो.

सुरुवात कुठून करायची यावर निम्मं काम ठरतं. आगीला तोंड असतं, दोन बगला असतात, शेपूट असतं. तोंडावर जायचं नाही. शेपटाकडून, आणि तेही जिथं आग आपल्याला वळसा घालू शकणार नाही अशा जागेपासून धरायचं: गाडरस्ता, नांगरलेलं वावर, रुंद वाळू. तिथून बगलेनं पुढं सरकत तोंड अरुंद करत न्यायचं. गवतात रेषा काढताना पेटणारं गवत जेवढं उंच, त्याच्या निदान दीडपट रुंदी पाहिजे. दुपारी बारा ते चार या वेळात उतारावर हात घालण्यापेक्षा पुढच्या रस्त्यावर थांबून आग खाली येण्याची वाट बघावी. पहाटे हवेत ओल येते, वारा पडतो, डोंगरावरची थंड हवा खाली उतरत असते. दुपारी दहा जणांना न आवरणारी आग पहाटे तिघं मारतात. पण दुपारी थांबलेली टोळी मोबाइलच्या फोटोत रिकामटेकडी दिसते. त्या फोटोंपायी चुकीच्या वेळी माणसं चढावर पाठवली गेली आहेत.

२०२१ च्या एप्रिलमध्ये नवेगाव-नागझिऱ्याच्या आगीत तीन रोजंदारी मजूर एकाच दिवशी गेले. त्या वर्षी गोंदिया-भंडाऱ्याकडच्या गावांत ज्या घरांतून कोणी फायर वॉचर, म्हणजे आगीवर पहारा ठेवणारा, म्हणून जात होतं, तिथल्या बायांनी संध्याकाळी दारात उभं राहायला सुरुवात केली असेल, असं मला नेहमी वाटतं.

'सारे काळ्यात' हे दोन शब्द त्या रात्री कोणी न विचारता ऐकले, याची किंमत कळायला फार दूर जावं लागतं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, मॅन गल्च नावाच्या दरीत, ५ ऑगस्ट १९४९ ला आग खालून चढावर टोळीच्या मागं लागली. टोळीचा फोरमन वॅगनर डॉज. पळून वाचणार नाही हे ओळखून त्यानं पुढ्यातलं गवत स्वतः पेटवलं, आणि जळलेल्या तुकड्यात शिरून बाकीच्यांना आत बोलावलं. कोणी आलं नाही. मरणाच्या दारात आपला म्होरक्या काडी ओढतोय, याचा अर्थच त्यांना लागला नाही. डॉज राखेत पालथा पडून वाचला. तेरा जण गेले. त्याची युक्ती बरोबर होती. पण ती युक्ती त्या पोरांनी आधी कधी पाहिली नव्हती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची त्याच्याशी जुनी ओळखही नव्हती. पुढं १९९१ मध्ये तिथल्याच पॉल ग्लीसन या अनुभवी टोळीनायकानं चार गोष्टी मांडल्या, त्या आज जगभर शिकवतात: पहारा, संपर्क, सुटकेची वाट, सुरक्षित जागा. या चारही गोष्टी आगीला भिडण्याआधी ठरलेल्या पाहिजेत.

आपल्याकडं यातल्या संपर्काचं काय होतं, ते डोंगराच्या मागं गेल्यावर कळतं. रेंज जाते. वॉकीटॉकी गार्डकडं, म्हणजे वनरक्षकाकडं, एक. उरतो तो गळा. म्हणून आकड्यांची हाक. हंगामाच्या पहिल्या दिवशी, जाळरेषेच्या जळक्या पट्ट्यावर, मामा पोरांना दहा वेळा काळ्यात पळायला लावतो. पोट्टे हसतात. घामाघूम होतात. एप्रिलमधल्या त्या रात्री पाय आपोआप वळले ते या हसण्यातून आलेल्या सवयीनं.

उपग्रह आहे, हे खरं. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून आगीचे संदेश गार्डच्या मोबाइलवर येतात, ही मोठी सोय आहे. त्यातल्या बारीक नजरेच्या उपग्रहाचा एक ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे जमिनीवर जवळपास चौदा हेक्टर. त्या चौदा हेक्टरांत आग नेमकी कुठं, हे पायांनीच शोधायचं. उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमाराला वरून जातो. मधल्या वेळात पेटलेलं त्याला पुढच्या फेरीला दिसतं. आणि तो वावराचा धुरा, म्हणजे बांध, पेटवलेलाही दाखवतो, पऱ्हाटीचा ढीगही. मचाणावरचा माणूस अजून लागतोच. पांढरा, आळशी धूर असेल तर ओला पाला. करडा आणि एका अंगाला कललेला असेल तर वाऱ्यानं धरलंय, निघा.

आता ज्या गोष्टीवर बोलताना जीभ जड होते ती. आग बहुतेक माणूसच लावतो, आणि तो बहुतेक आपल्याच गावचा असतो. मोहाची फुलं पहाटे गळतात. दाट पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचं जाळून अंगण करतात. घरी निघताना मागं इस्तो, म्हणजे विस्तव, राहतो. तेंदूला नवी, कोवळी, मोठी पानं फुटावीत म्हणूनही पेटवतात. खरं तर त्यासाठी बेटकटाई पुरते, खुंट जमिनीलगत नीट छाटला की पान तसंच येतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. पण तेंदूच्या ७० पानांचा पुडा बांधत बसलेल्या बाईच्या घरात वर्षाच्या रोख उत्पन्नाचा मोठा भाग त्या हंगामातल्या थोड्या दिवसांत येतो, आणि तिचाच मुलगा टोळीत सातव्या नंबरावर असू शकतो. त्याच्या हाताच्या भाजल्या खुणा आणि तिच्या टोपलीतली फुलं एकाच आढ्याखाली असतात. इथं नुसती भीती घालून काही होत नाही. मोहाखाली झाडू मारायला आणि जाळी बांधायला सांगावं लागतं, त्यासाठी कोणाचं झाड कोणतं हे माहीत असावं लागतं, आणि ते गावातल्याच मेटला माहीत असतं. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं तर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, त्यापायी होणारी तोड आणि आग नको म्हणून. हातातलं रोख उत्पन्न सोडून देणाऱ्या त्या निर्णयापुढं मी हात जोडतो. सगळ्याच गावांना ते जमेल असं म्हणायची मात्र माझी हिंमत नाही.

मजुरी उशिरा येते. हंगाम संपतो, पाऊस पडतो, धानाची पऱ्हे टाकून होतात, तरी एप्रिलचे पैसे जमा झालेले नसतात. अंगावर टेरिकॉटचा शर्ट असतो, जो जळताना वितळतो आणि कातडीला चिकटतो. पायांत रबरी चपला. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, चामडी बूट आणि डोक्याला ओला दुपट्टा एवढं जरी प्रत्येकाला वेळेवर मिळालं, तरी निम्मे चटके टळतील. पाणी माणशी तासाला लिटरभर धरावं, त्यात मीठ-साखर. आंबील असेल तर उत्तम. उन्हात माणूस जातो तो आधी गप्प होतो. बडबड्या पोरगा बोलायचा थांबला, घाम सुकला, विचारलेल्याला भलतंच उत्तर दिलं, की त्याला त्या क्षणी सावलीत न्यायचं, काखेत-मानेवर ओलं फडकं ठेवायचं आणि वारा घालत खाली उतरवायचं. त्या रात्री सातनं कॅन का उचलली? पाणी संपलं होतं. अकरा माणसांमागं किती पाणी नेलं होतं, हा प्रश्न मामानं नंतर स्वतःलाच विचारला, सातला नाही.

सकाळी आठला आग पूर्ण धरली गेली. त्यानंतरचं काम कोणी फोटोत घेत नाही. रेषेपासून आत तीसेक मीटरपर्यंत प्रत्येक ओंडका उलटायचा. हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघायची, तळवा नाही. तळव्याच्या कातडीला उशिरा कळतं, आणि तो भाजला तर उद्या फांदी धरता येत नाही. गव्याचं वाळलेलं शेण आतून दोन-दोन दिवस धुमसतं. पोकळ झाड उभ्यानं आतून पेटलेलं असेल तर ते रात्री शेंड्यातून ठिणग्या टाकतं. त्याच्या बुंध्याशी थांबायचं नाही, तो बांबूसारखा आवाज करून सांगत नाही, नुसता कोसळतो. आग्या मोहोळ असेल तर तेवढा भाग लांबून. आणि दुसऱ्या दिवशी अकराला, ऊन तापल्यावर, पुन्हा एक फेरी. सकाळच्या गारव्यात मेलेलं दिसतं ते अकराला डोळे उघडतं.

बांबूची ती बेटं उजेडात पाहिली. काळे, फाटलेले खुंट, बुडाशी पांढरी राख, त्यात एका तित्तिराच्या घरट्यातली अंडी, तडकलेली. पावसाळ्यात कंदांतून कोंब येतीलही, सगळ्यांतून येणार नाहीत. गार्डनं जळालेलं क्षेत्र मोजून लिहिलं. त्या नोंदीत वीस मिनिटांना जागा नव्हती, असायचं कारणही नव्हतं. मामा बराच वेळ त्या बेटांजवळ बसून होता. त्याच्या बापानं याच रांगेतला बांबू तोडून घराचा कूड विणलेला. थांबवल्याचा पश्चात्ताप त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. दुःख होतं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

पुढच्या आगीला हाक बदलली होती. नुसता आकडा द्यायचा नाही. आकडा, आणि पाय कुठं आहेत ते. चार दिवसांनी, पलीकडच्या बीटात, म्हणजे शेजारच्या गार्डच्या हद्दीत, रात्री अकराच्या सुमाराला मामानं ब्लोअर थांबवले. "बोला रे!"

"एक, रेषेवर."

"दोन, रेषेवर."

"तीन, काळ्यात, पेट्रोल भरून राहिलो."

मधे धुराची एक लाट आली, कोणीतरी खोकलं. मामा थांबला.

"सात, रेषेवर जी, मामा. पाणी आहे."